बंडूची निळी मॅट: मोठ्या राखणदार कुत्र्यासाठी घ्यावी का?

मॅट चांगली आहे, घ्या. फक्त खोक्यावर जे छापलंय त्याच्या भरवशावर घेऊ नका. खोक्यावर म्हटलंय की या मॅटवर कुत्रा ‘आपोआप शांत होतो’. आमचा बंडू रॉटवायलर आहे, वजन ४८ किलो. मॅट घरात आली त्या संध्याकाळी त्याने ती हुंगली, एक कोपरा तोंडात धरून फरफटत दाराशी नेली आणि तिच्यावर उभा राहून बाहेरच्या पावलांवर भुंकला. आपोआप काही होत नाही. शांत पडून राहायला शिकवायचं असेल तर मात्र ही मॅट फार कामाची आहे. मी तिची पारख त्याच अंगाने केली आहे. गादी म्हणून ती किती मऊ आहे, यात मला फारसा रस नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच घडणीच्या मॅट बरेच जण बनवतात, तेव्हा घडण बघून घ्या. आमची १२० बाय ८० सेंटीमीटरची आहे. आत साधारण ४ सेंटीमीटर जाडीचा घट्ट फोम, खालच्या कापडावर रबराचे ठिपके, वर जाड विणीचं गडद निळं कव्हर, आणि चारी बाजूंनी बोटभर जाडीचा गोट शिवलेला. मधोमध दुमडते आणि खांद्याला अडकवून नेता येते.

माप घेताना बरेच जण उभ्या कुत्र्याला टेप लावतात. रॉटवायलर नराची खांद्याशी उंची ६१ ते ६८ सेंटीमीटर धरतात आणि अंगाची लांबी उंचीपेक्षा जराशीच जास्त, म्हणजे उंची ९ तर लांबी १० असं प्रमाण. त्या हिशेबाने ८०-९० सेंटीमीटरची मॅट पुरेल असं वाटतं. पण निवांत झालेला मोठा कुत्रा कुशीवर पडतो आणि चारी पाय ताणतो. त्याला तसं ताणताच आलं नाही तर तो पाय पोटाशी घेऊनच पडणार, आणि पाय पोटाशी घेतलेला कुत्रा अर्धा उठलेलाच असतो. म्हणून १२० पेक्षा लहान घेऊ नका.

आता मुळात असल्या कुत्र्याला मॅटवर पडायला शिकवायचंच कशाला? बंडूला ‘बस’, ‘डाऊन’, ‘थांब’ सगळं येतं. तरी संध्याकाळी त्याच्या फेऱ्या चालूच: दार, खिडकी, स्वयंपाकघर, पुन्हा दार, रात्रपाळीच्या वॉचमनसारख्या. याला लोक आगाऊपणा म्हणतात. मला ते पटत नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून या जातीला नाव पडलं. खाटकांची गुरं हाकणं आणि राखण करणं हे यांचं काम. १९१० साली तिकडे पोलीस कुत्रा म्हणून यांना अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे बारीकशा आवाजाला कान टवकारणारेच कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले आहेत. अशा कुत्र्याला ‘थांब’ म्हटलं की तो थांबतो हो, पण देह जागेवर आणि लक्ष दाराकडे. स्नायू ताठ, श्वास वरचेवर. त्याला हवी असते ती सुट्टी: या एवढ्या चौकोनावर असताना घराची काळजी तू करायची नाहीस, आम्ही आहोत. हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून चौकोन लागतो.

आणि इथे या मॅटचा तो बोटभर जाड गोट सगळ्यात मोलाचा ठरला. कुत्र्याला कड आधी पंजाला कळते. सपाट सतरंजीवर बंडूचा मागचा पाय कधी बाहेर गेला हे त्यालाही कळत नसे आणि मलाही लवकर दिसत नसे. गोटावर पंजा पडला की तो थबकतो आणि स्वतःहून पाय आत घेतो. रंगही उपयोगी पडतो. कुत्र्यांना रंग दिसतच नाहीत हा गैरसमज आहे. निळा आणि पिवळा त्यांना नीट वेगळा कळतो, घोटाळा होतो तो लाल-हिरव्यात. फिक्या फरशीवर गडद निळा चौकोन त्याला लांबूनही दिसतो. याच मॅटमध्ये मरून रंगही मिळतो, दिसायला छान आहे, पण तो आपल्यासाठी.

शिकवण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय ही मॅट म्हणजे कुत्र्याच्या केसांची एक महागडी घडी आहे.

सुरुवातीला मॅट दिवसभर अंथरून ठेवायची नाही. ती कपाटातून निघाली म्हणजे काहीतरी चांगलं सुरू होणार, ते संपलं की ती पुन्हा कपाटात, असं ठेवायचं. अंथरली की गप्प राहायचं. हाका नाहीत, बोट दाखवणं नाही. कुत्रा स्वतःहून एक पंजा ठेवतो, लगेच शाबासकीचा ठरलेला शब्द आणि खाऊचा तुकडा. मग दोन पंजे, मग चारी. मग तो आपसूक बसतो, पडतो, कारण उभं राहून वाट बघायचा कंटाळा येतो. ‘जागेवर’ हा शब्द त्यानंतर जोडायचा, तो नक्की जाऊन पडणार याची खात्री झाल्यावर. आधी शब्द आणि मग ढकलाढकली असं करणारे खूप बघितलेत. ४८ किलो ढकलून बघा एकदा.

खाऊ तोंडात भरवायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन पुढच्या पंजांच्या मधे, मॅटवर ठेवायचा, आणि हात लगेच मागे. तोंडात दिला की कुत्रा तुमच्या हाताकडे बघत राहतो, मान वर, जीभ ओठावरून फिरतेय. खाली ठेवला की मान खाली जाते, खाली गेलेली मान तिथेच रेंगाळते आणि नजर चौकोनाकडे वळते. तुकडे करंगळीच्या नखाएवढे, आणि ते त्याच्या रोजच्या वाटणीतून काढलेले. मोठ्या कुत्र्याचं वाढलेलं वजन त्याच्या सांध्यांना सोसत नाही, त्यामुळे वरचा खाऊ म्हणून वेगळं काही नाही.

मग बघत बसायचं. पुढचे पाय सरळ, मागचे दोन्ही अंगाखाली गोळा केलेले, कोपरं जमिनीला जेमतेम टेकलेली: असा बंडू पडलेला दिसतो, पण एका झटक्यात दाराशी पोचेल. हे पडणं मी फुकट घालवत नाही, पण त्याचे पैसे कमी देते. कंबर एका बाजूला कलते आणि मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला येतात तेव्हा एक तुकडा, शांतपणे, न बोलता. हनुवटी टेकते तेव्हा आणखी एक. कपाळावरच्या आठ्या सैल होतात, रॉटवायलरच्या डोळ्यांवरचे ते दोन तपकिरी ठिपके हलायचे थांबतात, आणि नाकातून एक लांब उसासा येतो. तो उसासा आला की मी खाऊसुद्धा देत नाही. उगाच जागा करायचा नाही.

उठवताना मात्र शब्द हवाच, नाहीतर तो स्वतःच ठरवणार. आम्ही ‘सुट्टी’ ठेवलाय. बरेच जण ‘चल’ ठेवतात. पण घरात कोणी ना कोणी कोणाला तरी दिवसभर चल म्हणत असतं, आणि दर ‘चल’ला कुत्रा उठतो. ‘सुट्टी’ म्हटलं की एक तुकडा मॅटपासून लांब टाकायचा, म्हणजे तो उठून जातो आणि परत यायची संधीही मिळते.

पुढच्या टप्प्यासाठी डॉ. कॅरन ओव्हरॉल या पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञांचा रिलॅक्सेशन प्रोटोकॉल आम्हाला उपयोगी पडला. तो १५ दिवसांच्या पाठांत मांडलेला आहे. कुत्रा पडलेला असताना तुम्ही अमुक पावलं मागे जा, परत या, टाळ्या वाजवा, भोवती फिरा, नजरेआड जाऊन या, दार ठोठावा, बेल वाजवा. ‘दिवस’ हा शब्द शब्दशः घ्यायचा नाही. एक पाठ घट्ट होईपर्यंत तोच पुन्हा. काही पाठांत दाराशी जाऊन, तिथे कोणी नसताना, आलेल्या माणसाशी बोलायचं असतं. आमचे सासरे, आप्पा, पेपर खाली करून म्हणाले, “अगं, कोणाशी बोलतेयस?” म्हटलं, “आप्पा, पाहुणे आलेत.” त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा बंडूकडे, आणि म्हणाले, “मग त्यांना आत तरी बोलव.” बंडू हललाही नाही. सांगायचा मुद्दा, या पाठांत लाज सोडावी लागते आणि घरच्यांना आधी कल्पना द्यावी लागते.

या सगळ्यात मॅटची खरी परीक्षा म्हणजे घसरणं. ‘जागेवर’ म्हटल्यावर बंडू चालत जात नाही, धावत जातो. गुळगुळीत फरशीवर मॅट त्याच्या पायाखालून सरकली तर तो दचकतो, आणि दचकलेला कुत्रा त्या मॅटवर पुन्हा पाय ठेवताना दहा वेळा विचार करतो. रबराचे ठिपके स्वच्छ असतील तर ही मॅट चांगली पकड धरते. धूळ आणि केस चिकटले की पकड गेली. अंथरण्याआधी खालची बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, बाकी काही नको. गालिच्यावर मात्र हेच ठिपके कुचकामी, तिथे ती सरकतेच.

जागा कुठे निवडता यावर निम्मं यश आहे. दारासमोर, खिडकीतून फाटक दिसेल अशा जागी राखणदार कुत्र्याची मॅट टाकणं म्हणजे त्याला खुर्ची देऊन पहाऱ्यावर बसवणं. आम्ही ती बैठकीच्या खोलीत, भिंतीशी, दार थेट दिसणार नाही पण माणसं दिसतील अशा कोपऱ्यात टाकतो. पाठीला भिंत असली की तो लवकर कुशीवर होतो. मधल्या वाटेवर तर टाकूच नये. पडलेल्या कुत्र्याला ओलांडून कोणी जात असेल तर तो कधीच सैल होणार नाही.

बेल वाजली की बंडू अजूनही भुंकतो. एक-दोनदा भुंकू देते, तेवढा त्याचा हक्क आहे. मग “बघितलं, जागेवर” आणि तो येतो. पण मॅट म्हणजे साखळी नव्हे. अनोळखी माणूस आत येत असेल तेव्हा मॅटवर असतानाही पट्टा लावलेला असतो आणि पट्टा माझ्या हातात असतो. एवढ्या ताकदीच्या कुत्र्याच्या बाबतीत ‘तो काही करत नाही’ या वाक्यावर कोणाला आत घेऊ नये. पाहुण्यांना आणि लहान मुलांना एकच नियम: बंडू मॅटवर असला की त्याच्याजवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. हा नियम त्याच्यासाठी आहे. तिथे त्याला कोणी छळणार नाही, हे त्याला ठाऊक असलं तरच तो तिथे झोपेल.

याच्याच उलट बाजूची एक गोष्ट नव्या लोकांनी लक्षात ठेवावी. आवडत्या जागेची काही कुत्रे मालकी गाजवतात. जवळ गेलं की अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, कधी हलकी गुरगुर. गुरगुरण्याबद्दल रागावू नका, ती सूचना आहे; ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनाच मिळणार नाही. मॅट ओढून घेऊ नका. लांबून खाऊ टाका, ‘सुट्टी’ म्हणून त्याला उठवा, मग मॅट उचला. तरी कमी होत नसेल तर पशुवैद्यकांमार्फत वर्तनतज्ज्ञ गाठा. मॅट ही शिक्षेची जागा तर कधीच करू नका. चप्पल चावली म्हणून ओरडून ‘जागेवर!’ पाठवलं की आधीचं सगळं शिकवणं पाण्यात. काही प्रशिक्षक पट्ट्याला हिसके देत, किंवा विजेचा झटका देणारी कॉलर लावून कुत्र्याला मॅटवर ‘बसवतात’. तो बसतोही. पण भीतीने न हलणारा कुत्रा आणि सैल पडलेला कुत्रा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यकांच्या संस्थेने २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली आहे, आणि राखणदार जातींना त्यातून वगळलेलं नाही.

आता तक्रारी. पहिली, चेन. कव्हरची चेन लांबीच्या बाजूला आहे आणि तिचं टोक उघडं राहतं. बंडूच्या तोंडाला ते नेमकं येतं. मी वर कापडाची पट्टी शिवून घेतली. कंपनीने हे आधीच करायला काय हरकत होती कळत नाही. दुसरी, गरमी. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. उकाड्यात बंडू जरा वेळाने उघड्या फरशीकडे बघायला लागतो. त्यात त्याची चूक नाही. अशा वेळी मी पाठ आखूड ठेवते आणि लवकर ‘सुट्टी’ देते. तिसरी, गोटाच्या शिवणीत केस अडकतात ते निघत नाहीत, अगदी रबरी हातमोज्यानेही नाही.

फोमबद्दल तक्रार नाही. दुकानात हाताने दाबून बघू नका, गुडघा टेकून सगळा भार द्या. गुडघ्याला फरशी लागली तर ती मॅट मोठ्या कुत्र्याच्या कामाची नाही. हिच्यावर लागत नाही. वजनदार कुत्रे कडक जमिनीवर सतत पडले की कोपरांना घट्टे पडतात, काहींना तिथे पाण्याची गाठही होते, हायग्रोमा म्हणतात तिला. पण ‘सांध्यांचे विकार बरे करते’ असं खोक्यावर छापलंय, ते सोडून द्या. उलट कुत्रा पडतो, उठतो, पुन्हा जागा बदलतो, उठताना मागचा पाय जपतो असं दिसलं तर शिकवणं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. या जातीत कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्याचा डिसप्लेजिया, म्हणजे सांध्याची घडणच नीट नसणं, बराच आढळतो, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला निवांत पडायला शिकवता येत नाही.

ही घ्यायच्या आधी लोखंडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची उंच खाट वापरून बघितली होती. शिकवायला सुरुवात करताना ती याहून सोपी जाते, हे मान्य करायला हवं. चढलं की जागेवर, उतरलं की नाही. कुत्र्याला शंकाच राहत नाही. खालून हवा खेळते, केस झटकले की गेले. पण नखांचा आवाज होतो, कुस बदलली की करकरते, कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला चढणं जड जातं, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात ती घेऊन कोण जाणार? आमची मॅट तिथे बाकाखाली अंथरली की बंडू पडतो, आणि केवळ एवढ्यासाठी तिचे पैसे वसूल झाले असं मी धरते. काठ उंच असलेल्या मऊ गुबगुबीत गाद्यांचं म्हणाल, तर झोपायला ठीक, शिकवायला नाही. त्यात कुत्रा बुडतो, पंजांमधला खाऊ घडीत हरवतो, आणि तो शोधायला कुत्रा उकरायला लागतो.

वर्षाच्या आतलं, सगळं चावणारं पिल्लू असेल तर इतक्यात ही घेऊ नका. जुनी जाड सतरंजी चौघडी करून, चारी बाजूंनी दोरी शिवून तिच्यावर सुरुवात करा. चावली तर चावली. कुत्र्याला बाहेर अंगणात ठेवत असाल तरी नको. पावसात फोम पाणी पितो आणि मग वास जाता जात नाही.

बाकी सगळ्यांनी घ्या, पाचपैकी चार तारे. चेनचा एक कापला. धुताना फक्त कव्हर मशीनमध्ये टाका, वासाचा कंडिशनर टाळा, आणि वाळायला पुरता दिवस धरा, कारण वीण जाड आहे. कव्हर धुवायला गेलं की उघडा फोम अंथरू नका, तो नखांनी फाटतो. मॅटबरोबरच एक जादा कव्हर मागवून ठेवा, तेही निळंच.